लाडकी भाषा

स्टॅक ओव्हरफ्लोच्या वार्षिक पाहणीत प्रोग्रामरांची सर्वांत लाडकी भाषा म्हणून रस्ट २०१६पासून न चुकता पहिली येते आहे. भाषा गुणी आहे, वाद नाही. मेमरीचे कितीतरी घोळ ती कोड चालण्याआधीच पकडते. पण लाड मोजतात कसे, तेही ऐका. भाषा वापरणाऱ्यांपैकी किती जणांना ती पुढेही वापरायची आहे, एवढंच विचारायचं. हौसेने आलेले हौसेने राहतात, नोकरीपायी अडकलेले शिव्या घालतात. म्हणजे भाषा जितकी पोटापाण्याची, तितकी ती नावडती ठरायची सोय झाली.

दुसरी मोजदाद टिओबी या डच कंपनीची. शोधयंत्रांवर भाषेच्या नावाने किती निकाल निघतात, त्यावर ती क्रम लावते. याच न्यायाने आमच्या आळीतला सर्वांत लोकप्रिय माणूस म्हणजे फोन न उचलणारा प्लंबर. जो तो त्याचीच चौकशी करत असतो. ही यादी सर्वोत्तम भाषेची नव्हे, असं कंपनी बिचारी स्वतःच सांगते. पण आपली भाषा वर असली की खुलासे कोण वाचतो?

आता नावडतीकडे वळू. कोबोल, जन्म १९५९. डाइक्स्ट्रा या थोर संगणकशास्त्रज्ञाने १९७५ सालीच निकाल देऊन टाकला: कोबोलने बुद्धी पंगू होते, सबब ती शिकवणं फौजदारी गुन्हा मानावा. गुन्हा काही कोणी नोंदवला नाही. उलट वर्षाचे शेवटचे दोनच आकडे साठवणारे जुने प्रोग्राम २००० साल जवळ येताच गडबडणार, असं लक्षात आलं आणि ते निस्तरायला आपल्याकडची पोरं भराभर कोबोल शिकून अमेरिकेला निघाली. कोथरूडातल्या किती फ्लॅटांच्या पायात कोबोल आहे, हे सोसायटीच्या बैठकीत कोणी बोलत नाही. तिथे सगळे एआयमध्ये असतात.

मग आला एप्रिल २०२०. कोविडमुळे न्यू जर्सीत बेकारभत्त्याच्या अर्जांचा लोंढा लोटला आणि गव्हर्नर फिल मर्फी यांनी पत्रकारांसमोर कोबोल येणाऱ्या स्वयंसेवकांना साद घातली. झालं! साठीच्या म्हातारीने राज्य बुडवलं, अशी बोंब जगभर उठली. जिची एक ओळही कधी वाचली नाही, तिला दोष देण्यात लाडक्या भाषांचे भक्त आघाडीवर होते.

संगणकाच्या इतिहासाचे अभ्यासक मार हिक्स यांनी नंतर खोलात जाऊन लिहिलं, तेव्हा वेगळंच निघालं. मागची कोबोलची यंत्रणा आपलं काम करत होती. कोलमडलं होतं ते लोकांनी अर्ज भरायचं पुढचं संकेतस्थळ, आणि ते होतं जावात लिहिलेलं. टिओबीच्या यादीत त्या महिन्यात पहिला क्रमांक जावाचा होता.