केराचा आठवडा

परक्या देशात माणूस गांगरतो तो रोजच्या व्यवहारातल्या ओळखीच्या खाणाखुणा एकाएकी निरुपयोगी ठरल्यामुळे, असे मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी १९५४ मध्ये रिओ द जानेरो येथील व्याख्यानात मांडले आणि या गांगरलेपणाला ‘सांस्कृतिक धक्का’ म्हटले. सारखे हात धुणे आणि पिण्याच्या पाण्याची अतोनात काळजी वाहणे ही त्यांनी नोंदवलेली लक्षणे पुष्कळशा मराठी घरांत पासपोर्ट काढण्यापूर्वीच आढळत असल्याने निदान करताना थोडे तारतम्य बाळगावे लागते.

या धक्क्याच्या अभ्यासासाठी दक्षिण जर्मनीतील श्टुटगार्ट हे शहर सोयीचे आहे. मोटारउद्योगाचे हे माहेरघर १९६८ पासून मुंबईचे भगिनी-शहर असून पुण्या-चाकणचे अभियंते येथे कामानिमित्त येत-जात असतात. ओबर्ग यांच्या चार अवस्थांपैकी पहिली मधुचंद्राची, म्हणजे परक्या देशाचे सारेच गोड वाटण्याची. ती येथे साधारणपणे घराच्या दाराला पाटी लटकेपर्यंत टिकते.

या पाटीवर ‘केरवोख’ असे लिहिलेले असते. ‘वोख’ म्हणजे आठवडा आणि ‘केर’ म्हणजे झाडणे, तेव्हा मराठी माणसाला हा शब्द कोशाविना कळतो, हा भाषाशास्त्राने दुर्लक्षिलेला योगायोग होय. कोलंबस भारत शोधायला निघून भलतीकडे पोहोचला त्याच १४९२ साली श्टुटगार्टच्या नगरनियमांत घाण दर आठवड्याला हलवण्याची आज्ञा झाली, आणि तिच्यातून भाडेकरूंनी आळीपाळीने जिना, तळघर व पदपथ झाडण्याची प्रथा रुजली, असे सांगितले जाते. नगरपालिकेने ही सक्ती १९८८ मध्ये उठवली. भाडेकरारांतून आणि शेजारच्या आजींच्या नजरेतून मात्र ती उठलेली नाही.

पाट्यांच्या शहरातून आलेल्या पुणेकराला वस्तुतः याचा धक्का बसू नये. परंतु पाटी ही लावायची वस्तू आहे, पाळायची नव्हे, या संस्कारात वाढलेल्या गृहस्थाच्या स्वतःच्याच दाराच्या मुठीला जेव्हा ती लटकते, तेव्हा तो प्रथम ती कोणी लावली याचा शोध घेतो, मग जिना मुळातच स्वच्छ असल्याचा मुद्दा मांडतो आणि अखेरीस झाडू घेऊन उतरतो. जिना स्वच्छ होता हे खरेच असते. तथापि केरवोखमध्ये केर निघण्यापेक्षा झाडल्याचा आवाज चार घरांत ऐकू जाण्याला अधिक महत्त्व आहे, हे कळायला त्याला दोन-तीन पाळ्या लागतात. त्यातही हा आवाज शनिवारीच उरकावा लागतो, कारण रविवार हा राज्यघटनेनेच संरक्षिलेला विश्रांतीचा दिवस असून त्या दिवशी रिकाम्या बाटल्या काचेच्या पिंपात टाकणेही वर्ज्य असते. फोडणीच्या धुराने छतावरचा धूरसूचक ठणाणा करू लागला की ही शांतता कशी भंगते, याचे वर्णन येथे टाळलेले बरे.

कचेरीत दुसरा धक्का वाट पाहत असतो. या भागातील श्वाबियन लोकांत, रागावले नाही म्हणजे पुरेसे कौतुक झाले, अशा अर्थाची म्हण आहे. महिनोन्‌महिने साहेब गप्प राहिल्याने नोकरी गेलीच असे समजून बसलेल्या अभियंत्याला हे मौन म्हणजे पाठीवरची थाप आहे, असे जुना सहकारी समजावतो. पैकी सदाशिव पेठेत वाढलेल्यांना मात्र ते न समजावताच उमगते, आणि त्यांचा माहेरी आल्याचा आनंद चेहऱ्यावर अर्थातच दिसत नाही.

चौथी अवस्था रुळण्याची. ती आली हे ओळखण्याची खूण अशी की आपली पाळी संपताच गृहस्थ ती पाटी शेजाऱ्याच्या दाराला लावतो आणि पुढचे सात दिवस त्याच्या झाडूच्या आवाजाकडे कान लावून बसतो.

परतल्यावर स्वदेशाचाही धक्का बसतो, हे १९६३ मध्ये गलाहॉर्न दांपत्याने दाखवून दिले. कोथरूडच्या एखाद्या सोसायटीत असा परतलेला गृहस्थ शनिवारी सकाळी स्वच्छ जिना खडखडून झाडताना दिसतो, आणि तिथे नेहमी झाडणाऱ्या मावशी दोन पायऱ्या खाली थांबून विचारतात, “साहेब, काही हरवलंय का?”