चक्र फिरतंय, बस सुटलीय

बसच्या पुढच्या काचेवर नवी पाटी लागली आहे : ‘ही बस पूर्णपणे कॅशलेस आहे. सहकार्य करावे.’ पाटीवरचं सहकार्य नेहमी प्रवाशानंच करायचं असतं, हे महाराष्ट्रातल्या प्रवाशाला वेगळं सांगावं लागत नाही.

आत कंडक्टर आहे. त्याच्या गळ्यात चामड्याची पिशवी नाही. दोरीला लटकवलेला, लॅमिनेशन केलेला क्यूआर कोड आहे. समोर चार घरची धुणीभांडी उरकून निघालेल्या मावशी, मुठीत दहाची नोट.

“मावशी, कॅश नाही चालत. स्कॅन करा.”

“अरे, काल तर चालली!”

“काल चालली. आजपासून बंद. फोन असेल ना?”

फोन आहे, पण बटणांचा. साध्या फोनवरूनही पैसे देता येतात, ही सोय मार्च २०२२ पासून आहे, असं मागच्या सीटवरचा एक सुशिक्षित तत्परतेनं सांगतो. नंबर फिरवायचा, पलीकडची बाई सांगेल तो आकडा दाबायचा, मग रक्कम, मग पिन. मावशींचा एक हात वरच्या दांड्याला, दुसऱ्यात डबा नि पिशवी. तिसरा हात पुढच्या टप्प्यात येणार असावा.

कायदा काय म्हणतो? २०११चा नाणे कायदा सांगतो की, रुपया किंवा त्याहून मोठ्या नाण्यांनी हजार रुपयांपर्यंतची रक्कम भागवता येते आणि पन्नास पैशांच्या नाण्यांनी दहा रुपयांपर्यंतची. म्हणजे उद्या कुणी आठ आण्यांची वीस नाणी कंडक्टरच्या तळहातावर मोजून ठेवली, तर त्यातलं एकही नाणं बेकायदा नाही. यावर कॅशलेसवाल्यांचा युक्तिवाद तयार असतो : रोकड घेणार नाही ही अट आधीच सांगितली होती, प्रवाशाचं देणं अजून झालेलंच नाही, मग भागवायचं काय? थोडक्यात, मावशी बसमध्ये चढल्याच नाहीत असं समजायचं. चढल्या असतील तर उतरायचं.

बरं, स्मार्टफोनवाला तरी सुखी आहे का? तो कंडक्टरच्या छातीवर कॅमेरा रोखतो. लॅमिनेशनवर ट्यूबलाइट चमकते. कंडक्टर डावीकडे वळतो, तेवढ्यात खड्डा येतो, कॅमेरा खिडकीतल्या आजोबांना स्कॅन करू पाहतो. अखेर कोड सापडतो, पिन जातो आणि पडद्यावर ते गोल चक्र फिरू लागतं. दहाच्या चॉकलेटी नोटेमागे कोणार्कच्या सूर्यमंदिराचं चक्र आहे. ते जागचं हलत नाही, पण आजवर त्यावर तिकीट मिळत होतं. हे चक्र मात्र अखंड फिरतं आणि तिकीट निघत नाही. पुलाखाली रेंज जाते, चक्र फिरतं. भाजी मंडई येते, चक्र फिरतं. प्रवाशाचा स्टॉप येतो, तो उतरायचं की थांबायचं या विवंचनेत दारात अडतो, मागचे ओरडतात, चक्र फिरतं. मग मोबाइल थरथरतो : खात्यातून १० रुपये वजा. कंडक्टरचं मशीन म्हणतं, काही आलेलं नाही. आता हा माणूस फुकट्या की इमानदार? बँकेच्या लेखी त्यानं पैसे दिलेत, बसच्या लेखी तो विनातिकीट आहे, आणि नेमका याच क्षणी पुढच्या दारातून तपासनीस चढतो. अशा अडकलेल्या पैशांसाठी २०१९ पासून नियम आहे : दुकानदाराला केलेलं पेमेंट पोहोचलं नाही, तर ते व्यवहारानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवं; त्यापुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. यंत्रणेला पाच दिवस. प्रवाशाला? तपासनिसाचा हात खांद्यावर पडेपर्यंतचा वेळ. आणि दंड कसा भरायचा, असं त्यानं विचारलं की साहेब पावतीपुस्तक काढतात : “रोख द्या.”

रोख!

पूर्वी कंडक्टरकडे सुट्टे नसले की तो तिकिटामागे उरलेले पैसे लिहून द्यायचा. पेनाचे दोन फराटे, तेवढ्यावर प्रवासी शेवटच्या स्टॉपपर्यंत विश्वास ठेवायचा. कित्येकदा विसरून उतरायचा, ते पैसे गेले ते गेलेच. इतकी वर्षं बसनं प्रवाशाकडून उधार घेतलं. आता प्रवाशावर एका फेरीची उधारी ठेवायची वेळ आली, तर म्हणे प्रणालीत तशी तरतूद नाही.

तरतूद कशी करतात ते, ज्या लंडनचं नाव बैठकांत घेतलं जातं, तिथंच बघावं. तिथल्या बसनी ६ जुलै २०१४ पासून रोकड बंद केली. पण तेव्हा रोख तिकिटं जेमतेम एक टक्क्यावर आली होती. कार्डात पैसे अपुरे पडले तर आणखी एक फेरी करू द्यायची, फरक पुढच्या भरण्यात वळता करायचा, ही सोय बंदीबरोबरच दिली गेली. कार्ड भरायला कोपऱ्याकोपऱ्यावरची दुकानं होतीच. आपल्याकडे लंडनहून फक्त पाटी आणली.

सवलतीचीही तीच गत. देशातल्या काही मेट्रोंत कार्डवाल्याला भाड्यात १० टक्के सूट मिळते. ती मिळवायला आधी कार्ड घ्या, मग त्यात पैसे भरून ठेवा. ज्याच्याकडे आठवड्याचं भाडं आगाऊ अडकवायला आहे, त्याला प्रवास स्वस्त. रोजचे पैसे रोज हातात येणारीला तोच प्रवास महाग, आणि या बसमध्ये तर बंदच. याला वर ‘आर्थिक समावेशन’ म्हणायचं! कुणाचं समावेशन? दहा रुपयांची खरी नोट हातात असलेली बाई स्टॉपवर उभी आहे आणि बस तिच्यासमोरून निम्मी रिकामी निघून जाते आहे.

क्यूआर ठेवा, कार्ड ठेवा, चेहरा बघून तिकीट देणारं मशीनही आणा. कंडक्टरला पगार द्यायचाच आहे, तो बसमध्ये उभाही आहे. त्याच्या गळ्यात कोडाशेजारी जुनी पिशवी परत अडकवायला किती खर्च येतो? निविदा काढल्याशिवाय जमत नसेल, तर पिशवीचीही निविदा काढा. पण पावसाळ्याआधी काढा.