प्रेतांची पलटण अपुरी कशी ठेवावी

वॉरहॅमर या छोट्या पुतळ्यांच्या युद्धखेळाच्या मैदानावर वीस प्रेतांची एक पलटण उतरवायची असेल, तर सरळ रस्ता एकच आहे: प्रेतांचा बॉक्स आणा, चिकटवा, रंगवा, मोकळे व्हा. या रस्त्याने फक्त नवखे जातात. मुरलेला माणूस किटबॅश करतो. एम्पायर या माणसांच्या फौजेतल्या सैनिकांची धडं, सांगाड्यांचे हात आणि प्रेतांची मुंडकी असा तीन बॉक्सचा माल एकत्र करून तो चौथीच जमात जन्माला घालतो. लोक याला कल्पकता म्हणतात. आमचं म्हणणं वेगळं आहे. किटबॅश ही पलटण लांबणीवर टाकण्याची विद्या आहे, आणि शिस्तीत केली तर एकाच पलटणीवर दहा वर्षं निघतात.

पहिला आक्षेप काटकसरवाल्यांचा: उरल्यासुरल्या तुकड्यांतून सैन्य उभं राहतं, मग पैसे वाचतातच की! हिशोब मांडून बघावा. वीस प्रेतांसाठी तीन बॉक्स आले, त्यातून वीस प्रेतं झाली आणि एवढे हात, ढाली, तलवारी उरल्या की त्यांच्यासाठी कप्प्यांचा वेगळा डबा घ्यावा लागला. डबा आला की तो भरलेला असावा असं वाटू लागतं. 1977 च्या ‘स्टार वॉर्स’ची यानं करणाऱ्या कारागिरांनी असंच किटबॅश केलं होतं, असा दाखला लगेच दिला जातो. रणगाड्यांच्या आणि विमानांच्या किटांतले तुकडे त्यांनी यानांच्या अंगावर चिकटवले, हे खरंच आहे. पण त्यांच्या डोक्यावर प्रदर्शनाची तारीख टांगलेली होती. आपल्या पलटणदाराला तसली तारीख नसते.

आता जोडणी. साच्याची रेघ पातीच्या मागच्या बाजूने खरवडावी. धारेने खरवडणारा आधी प्रेताचं नाक उडवतो, मग स्वतःचं बोट. पॉलिस्टायरीनला प्लॅस्टिक सिमेंटच लावावं, कारण ते दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतं. रेझिन किंवा धातूवर मात्र त्याचा काडीचा उपयोग नाही, तिथे सुपरग्लूच. मान आणि धड यांच्यामधली फट ग्रीन स्टफने भरायची. ही निळी-पिवळी पट्टी मळली की हिरवी होते. दोन रंग जिथे एकमेकांना टेकलेले असतात ती मधली चिरी आधीच घट्ट झालेली असते, ती कापून फेकावी, नाहीतर लगद्यात खडे येतात. पिवळा जास्त घेतला तर लगदा मऊ राहतो, निळा जास्त घेतला तर कडक होतो. हत्यार ओलं ठेवावं. हे सगळं खरं आहे आणि उपयोगाचंही आहे, आणि म्हणूनच घातक आहे. प्रत्येक पायरीला वाळण्याचा वेळ लागतो, आणि वाळण्याच्या त्या वेळात माणूस पुढचा बॉक्स मागवतो.

मग रांगांचा प्रश्न येतो, आणि इथे आमचं प्रतिपादन सिद्धच होतं. प्रत्येक प्रेत वेगळ्या ढंगात मेलेलं हवं, हा किटबॅशवाल्याचा हट्ट. एकाचा हात पुढे पसरलेला, दुसरा कंबरेत वाकलेला, तिसऱ्याच्या पाठीतून भाला आरपार. सुटे बघावेत तर देखणे. पण चौकोनी बेसवर पाच-पाचच्या चार रांगा लावायला गेलं, की पुढच्याच्या पाठीतला भाला मागच्याच्या डोळ्यात. उपाय आहे: जोडतानाच ब्लू-टॅकवर उभे करून रांग जमवावी आणि कोण कुठे बसतो याचा आकडा बेसच्या खाली लिहावा. बेशिस्तीने भटकणं हा ज्यांचा एकमेव गुण, त्या प्रेतांना आसनक्रमांक! शिवाय या मांडणीत सहा जण असे असतात की त्यांच्या चारही अंगांना कोणीतरी उभं असतं. ते कोणाला दिसणार? व्यवहारी माणूस त्यांच्या जागी एखादं थडगं किंवा मोडकी गाडी ठेवतो, आणि ते चालतं. पलटणदार मात्र त्या सहाजणांच्या बुटांची बक्कलंसुद्धा रंगवतो. याचं काय करावं हे आम्हाला कळत नाही. हसावं म्हटलं तरी हसू येत नाही.

‘पण कधीतरी संपवायला हवंच ना?’ या आक्षेपाला इतिहासच उत्तर देतो. 1983 पासून चालत आलेला खेळ कंपनीने 2015 मध्ये गुंडाळला, जुनी दुनिया नकाशासकट बुडवली आणि नव्या खेळात चौकोनी बेस जाऊन गोल आले. ज्यांनी पलटणी वेळेवर पुऱ्या केल्या होत्या, ते चिमटा घेऊन एकेकाचे पाय सोडवत बसले. 2024 मध्ये ‘द ओल्ड वर्ल्ड’ या नावाने जुनी दुनिया परत आली, चौकोन परत आले. फक्त माणसाएवढ्या पायदळाचा बेस 20 मिलिमीटरवरून 25 वर गेला. पुन्हा चिमटे निघाले. या सगळ्या काळात ज्याची प्रेतं स्प्रूवरून, म्हणजे तुकड्यांच्या प्लॅस्टिक चौकटीवरून, उतरलीच नव्हती, त्याचं काय बिघडलं? दूरदृष्टी आणि आळस यांत फरक करता येईल असा पुरावा निदान या प्रकरणात तरी सापडत नाही.

रंगाबद्दल थोडक्यात. जून ते सप्टेंबर मुंबई-कोकणात स्प्रे प्रायमर मारू नये. दमट हवेत थर पिठासारखा खरखरीत बसतो. ब्रशने लावायचा प्रायमर मिळतो, पण चार महिन्यांची ही कायदेशीर सुट्टी कोण घालवेल? त्वचेला हाडासारखा फिकट रंग, तोही पातळ करून दोन हात. त्यावर तपकिरी वॉश, तो खाचांत उतरू द्यावा. पूर्ण वाळल्यावर ब्रशमधला रंग कागदावर जवळजवळ सगळा पुसून उंचवट्यांवरून फिरवावा. बास. दिवाळीच्या किल्ल्यावर बुरुजापेक्षा मोठा मावळा आपण बिनतक्रार बघतो, तसं हातभर अंतरावरून या प्रेतांकडे बघितलं तर एवढ्यात काम भागतं. एका आठवड्यात वीस होतात. म्हणून हे कोणाला सांगू नये.

इतकं करूनही पलटण चुकून पूर्ण झालीच, तर घाबरण्याचं कारण नाही. खेळाच्या जुन्या आवृत्त्यांत नेक्रोमॅन्सर हा मांत्रिक मंत्र म्हणून नवी प्रेतं उठवायचा, आणि मूळ संख्येच्या वरही प्रेतं वाढवता येतात अशी सवलत खुद्द नियमांनीच दिलेली होती. म्हणजे विसांची पलटण घेऊन बसलेल्या माणसाला पहिल्याच मंत्राला एकविसावं प्रेत लागणार. ते सुटं मिळत नाही, बॉक्स घ्यावा लागतो.