इंचभर माया

तुळशीचं लग्न लागलं की होऊ घातलेल्या नवऱ्या पैठणीचा ब्लाऊजपीस घेऊन हजर. कापड 80 सेंटिमीटर. त्यात कोपरापर्यंत बाह्या, बाह्यांना काठ, पाठीवर मोर, आणि उरलंच तर भाचीला पोलकं! माप मात्र लग्नापर्यंत 'बारीक होणार आहे' त्या देहाचं. मी मान डोलावते आणि आतून दोन्ही बाजूंना इंचभर माया ठेवते. केळवणं कुणाला चुकलीत?

हळदीच्या आदल्या रात्री ती रडत येते. मी टीप उसवते, माया सोडते, हूक लागतो.

"बघा मावशी, झालेच की नाही बारीक!" आरशासमोर ती वळून वळून मोर बघते. मलाही तो बरा वाटतो, खोटं कशाला बोलू?

शिलाईचं विचारलं, तर म्हणाली, "सत्यनारायण झाला की देते."