आधी शाळेचे बूट बदला

बडोद्याच्या अलकापुरीत सकाळी फिरायला निघणाऱ्यांत बेअरफूट बुटांचा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. कुणाला तो गुडघेदुखीवरचा रामबाण वाटतो, कुणाला शुद्ध उधळपट्टी. दोघांचंही चुकतंय.

या बुटांत टाच आणि चवडा एकाच पातळीवर असतात. धावण्याच्या नेहमीच्या बुटात टाच साधारण १० मिलीमीटर वर उचललेली असते. तळ पातळ, हातानं गुंडाळता येईल इतका लवचीक. आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पुढे बोटांना ऐसपैस जागा. आपल्या बुटातली आतली गादी काढा, फरशीवर ठेवा आणि तिच्यावर उभे राहा. बहुतेकांची करंगळी बाहेर येते, अंगठा कडेवर चढतो. तेवढं पाऊल आपण दिवसभर आत कोंबून चालतो. कुरूप उगाच होत नाही.

बोटांत किती जोर असू शकतो हे बडोद्याला कुणी परदेशातून येऊन शिकवायला नको. दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाम मंदिराचं, प्रो. माणिकरावांचं हे गाव. दोरीच्या मल्लखांबात दोरी अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात धरून माणूस वर चढतो. तीच बोटं निमुळत्या बुटात वर्षानुवर्षं आखडली की साधी रुमालाची घडीही उचलत नाहीत. जोर परत येतो मात्र. लिव्हरपूल विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात सहा महिने रोज असे पातळ बूट घालणाऱ्यांच्या पावलांची ताकद सरासरी ५७ टक्क्यांनी वाढली.

पण घाई केलीत तर हाड दुखावेल. २०१३ च्या एका अमेरिकी अभ्यासात १० आठवड्यांत अशा बुटांवर आलेल्या १९ धावपटूंपैकी १० जणांच्या पायाच्या हाडांत सूज वाढलेली दिसली. असे बूट बनवणाऱ्या व्हायब्रम कंपनीनं २०१४ मध्ये आरोग्याच्या दाव्यांवरून झालेला खटला ३७.५ लाख डॉलर मोजून मिटवला. म्हणून आधी घरात, मग थोडं अंतर. धावणं सगळ्यांत शेवटी. आणि मधुमेहानं तळव्याची संवेदना गेली असेल त्यांनी या वाटेला जाऊच नये. खडा टोचलेला कळत नाही आणि जखम चिघळते. त्यांना डॉक्टर सांगतात ती एमसीआर रबराची मऊ चप्पलच बरी, घरातसुद्धा.

खरा प्रश्न मोठ्यांचा नाहीच. मणिपालच्या राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी २३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासून १९९२ मध्ये निष्कर्ष छापले. पादत्राणं वापरणाऱ्या मुलांत सपाट पाऊल ८.६ टक्के, अनवाणी मुलांत २.८ टक्के. बंद बूट घालणाऱ्यांत सर्वाधिक, सँडल-चपलावाल्यांत कमी. सपाट पाऊल म्हणजे रोग नव्हे, ते अनेकांना कधी दुखतही नाही. पण पावलाची कमान सहाव्या वर्षाच्या आधी घडत असते, असं याच डॉक्टरांचं म्हणणं. नेमक्या त्याच वयात आपण बालवाडीच्या पोराला मोजे चढवून काळ्या, कडक, टोकाला अरुंद बुटात बंद करतो. तेही बडोद्याच्या उन्हाळ्यात! संध्याकाळी बूट निघतो तेव्हा मोज्याचे वळ पायावर उमटलेले असतात आणि करंगळी शेजारच्या बोटाखाली दबलेली असते. वर पुन्हा ‘वाढता पाय आहे’ म्हणून पुढे लांब पण रुंदीला तेवढाच तंग बूट घ्यायचा, हा आपला शहाणपणा.

हे टाळायला हजारो रुपयांचे बेअरफूट बूट लागत नाहीत. पोराला कागदावर उभं करा, पेन्सिलीनं पाऊल आखा आणि तो कागद दुकानात न्या. बुटाचा तळ त्या रेषेच्या आत राहत असेल तर तो बूट परत करा. घरात, अंगणात, कमाटीबागेच्या हिरवळीवर त्याला अनवाणी सोडा. आणि शाळांच्या विश्वस्तांनी जूनच्या आधी गणवेशाच्या यादीत एवढं लिहावं: सहा वर्षांखालच्या मुलांना सपाट, मऊ तळाची, पुढून उघडी सँडल चालेल. रंग काळाच हवा असेल तर तोही ठेवा.