विश्वाची चतुःसीमा

सोमाटण्यात कुठलाही विषय काढा, पाचव्या मिनिटाला तो जमिनीवर येतो. मग तो विश्वाचा असला म्हणून काय झालं!

पावसाळा सरला की आमच्या सोसायटीच्या गच्चीवर आकाश बघायला मंडळी जमतात. खाली जुना हायवे, पूर्वेला पिंपरी-चिंचवडचा उजेड. त्यातून जे दिसेल ते आपलं. नोव्हेंबरात रात्री आठच्या सुमाराला भाद्रपदांचा चौकोन माथ्यावर येतो. त्याच्या ईशान्य कोपऱ्यावरून पुढे सरकलं की दुर्बिणीत देवयानी दीर्घिकेचा पुसट डाग सापडतो. शेजारी शर्मिष्ठा, पलीकडे ययाती. घरातलं भांडण आपण आभाळातही शेजारी-शेजारीच बसवलं आहे.

हा डाग 25 लाख प्रकाशवर्षं दूर, आपल्या आकाशगंगेतच 10 हजार कोटींच्या वर तारे, असं मी आवाज खोल नेऊन सांगतो. कुणी हलत नाही. लाख-कोटी इथे गुंठ्याच्या बोलण्यात रोज येतात.

पण दूरच्या दीर्घिका आपल्यापासून लांब चालल्यात, जितकी लांब तितकी वेगात, हे हबलने 1929 मध्ये दाखवलं असं म्हटलं, तेव्हा आबा सावरून बसले. आबांची हयात जमिनीच्या व्यवहारात गेली.

"म्हणजे मधली जागा वाढती?"

"वाढते."

"मग आपला प्लॉटबी वाढत असंल."

हसू नका. विश्वशास्त्र शिकणारी पोरंही नेमकी इथेच अडखळतात. उत्तर असं की प्लॉट वाढत नाही, आबाही वाढत नाहीत. गुरुत्वाकर्षणाने एकमेकांना धरून असलेल्या गोष्टी प्रसरणाला दाद देत नाहीत. आकाशगंगा आहे तेवढीच राहते, आणि देवयानी तर उलट सेकंदाला सुमारे 110 किलोमीटर वेगाने आपल्याकडेच येते आहे. जागा वाढते ती दीर्घिकांच्या समूहासमूहांमधली.

"म्हणजे जिथं गिऱ्हाईक न्हाई तिथं," आबा म्हणाले.

पुढचा प्रश्न चतुःसीमेचा. खरेदीखतात लिहावं लागतं : पूर्वेस अमुक गट, पश्चिमेस ओढा. विश्व पसरतंय ते कुणाच्या हद्दीत? कुणाच्याच नाही. बाहेर मोकळं रान पडलंय आणि विश्व त्यात घुसतंय असा प्रकार नाही. अंतरंच ताणली जातात. आबांना हे पटलं नाही. खरं सांगायचं तर, समीकरणं न मांडता ते पटलं म्हणणाऱ्या माणसावर माझाही विश्वास नाही. मोजणी मात्र झाली आहे, आणि तीत पुणेकरांचाही हात आहे. मीन राशीच्या दिशेला, सुमारे 400 कोटी प्रकाशवर्षांवर पसरलेला दीर्घिकांचा एक महासमूह पुण्याच्या शास्त्रज्ञांनी ओळखला आणि 2017 मध्ये 'सरस्वती' या नावाने जाहीर केला. लांबी 60 कोटी प्रकाशवर्षं.

"आणि मूळ मालक?"

म्हणजे सुरुवात. बहुतेक शास्त्रज्ञ 1380 कोटी वर्षांपूर्वीच्या महास्फोटाकडे बोट दाखवतात. 1965 मध्ये जाहीर झालेल्या सूक्ष्मलहरींच्या पार्श्वप्रारणाने ती बाजू फार बळकट केली. जयंत नारळीकरांना मात्र महास्फोट कधी मान्य झाला नाही. फ्रेड हॉईल यांच्यासोबत आणि पुढेही ते विश्वाला अशी एकच सुरुवात नाही, या बाजूने मांडत राहिले. आबांना हे लगेच उमगलं : "वहिवाट! कागद सापडत न्हाई, पण कब्जा पहिल्यापासनं."

नारळीकरांना हा प्रश्नकर्ता आवडला असता. पुण्यात 1988 मध्ये आयुका ही खगोलसंशोधनाची संस्था उभी करणारा हा माणूस, सही मागणाऱ्या मुलांना सांगायचा : पोस्टकार्डावर विज्ञानाचा एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. 20 मे 2025 रोजी ते गेले. आबांचे प्रश्न पोस्टकार्डात आरामात मावले असते.

उठता उठता आबांना आठवलं. "ती देवयानी इकडं येतीय म्हणालात. आदळली म्हंजे?"

मी सांगितलं, तारे इतके विरळ असतात की एकमेकांवर आपटण्याची शक्यता जवळपास नाहीच. शिवाय ही धडक 400-500 कोटी वर्षांनी होणारच, असं इतकी वर्षं म्हणत; नव्या आकडेमोडीनुसार तेही नक्की नाही.

"नक्की न्हाई ना?" आबा चप्पल शोधत म्हणाले. "मग शिरगावच्या तुकड्याचा विसार उद्या देऊन टाकतो."