टाय

मे महिन्यात बडनेरा स्टेशनावर सकाळी सकाळी कोणी गळ्यात टाय बांधून उभा दिसला, तर तो एक तर नवरदेवाचा मुंबईहून आलेला मामेभाऊ समजावा, नाहीतर अकोल्याला सेल्सच्या इंटरव्ह्यूला निघालेला आमच्याकडचा पोट्टा. गाडी सुटेपर्यंत थांबलं की फरक कळतो. मामेभाऊ टाय काढून खिशात कोंबतो. पोट्टा काढत नाही. अकोल्याचा पारा 45च्या पुढे असला तरी मूर्तिजापूर गेल्यावर तो गाठ आणखी थोडी आवळतो.

आमच्या अमरावतीच्या गाडगेनगरात अशा एकाला सगळे ‘टाय’च म्हणतात.

‘टाय गेला काय बे अकोल्याले?’

‘हाव. तेराव्यांदा.’

अकोल्यालाच का, तर 1969पासून तिथे कृषी विद्यापीठ आहे, बी-बियाण्यांचा आणि फवारणीच्या औषधांचा मोठा बाजार आहे, आणि मृग जवळ आला की कंपन्यांना पोरं लागतात. एखाद्या हॉटेलच्या हॉलमध्ये पुण्याचे साहेब येऊन बसतात. जागा दोन, पोरं चाळीस. चाळीसच्या चाळीस जणांनी आदल्या रात्री मोबाईलवर एकच व्हिडिओ पाहिलेला असतो : इतरांपेक्षा वेगळे कसे दिसाल. त्यामुळे सगळे सारखेच वेगळे दिसतात. हात घट्ट दाबायचा, डोळ्यांत डोळे घालून बोलायचं. चाळीस जणांनी हात दाबल्यावर साहेब दुपारी चहाचा कप डाव्या हाताने उचलतात आणि बोलताना पंख्याकडे पाहतात.

बायोडाटाही सगळ्यांचा राजकमल चौकाजवळच्या एकाच दुकानातला. दुकानदार नाव आणि फोटो तेवढा बदलतो. आमच्या टायच्या बायोडाटात छंद म्हणून ‘पोहणे’ लिहिलं आहे. वडाळी तलावात त्याने आजवर पाय बुडवलेला नाही. मी विचारलं तर म्हणाला, ‘काका, त्या फॉर्मेटमंधी पोहनंच येते.’

एक हुकमी पान मात्र त्याच्याकडे होतं. ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटलं की तो स्वतःबद्दल काही सांगायचाच नाही, रस्त्याबद्दल सांगायचा. जून 2022मध्ये अमरावती-अकोल्याच्या मधात 75 किलोमीटर डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत झालं, गिनीज बुकात नोंद झाली, ‘सर, मी त्या रस्त्याचा माणूस आहे.’ पहिल्यांदा साहेब खूश झाले. दुसऱ्या वर्षी रांगेतले सात जण त्याच रस्त्याचे निघाले.

खरी गंमत अशी की या धंद्यात वेगळं दिसणं ही गरजच आहे. बीटी कपाशीच्या पाकिटाचा कमाल भाव 2016पासून केंद्र सरकार ठरवतं. पाकिटावरचं बोंड सगळीकडे तेवढंच टपोरं, भाव तोच. मग कास्तकाराने हेच पाकीट का घ्यावं? तो पाकीट पाहतच नाही, काउंटरमागचा माणूस पाहतो. 2017च्या बोंडअळीनंतर तर जास्तच निरखून पाहतो.

हे टायला पक्कं माहीत होतं. त्याचं लहानपण दर्यापुरात मामाच्या कृषी केंद्राच्या ओट्यावर गेलेलं. पण ते काही व्हिडिओत नव्हतं, म्हणून तो कधी बोलला नाही.

तेराव्या वेळी साहेबांनी तो जगप्रसिद्ध प्रश्न काढला : ‘हा पेन मला विकून दाखवा.’ ‘वुल्फ ऑफ वॉल स्ट्रीट’ हा सिनेमा 2013चा. त्या एका प्रसंगापायी वऱ्हाडातल्या किती पोरांना पेन विकावे लागले याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. टायचं उत्तर पाठ होतं. पण मे महिना, जेवणानंतरची वेळ, हॉलमधली लाईट गेलेली. पाठ केलेलं सगळं घामासोबत वाहून गेलं आणि ओट्यावरचा मामा तोंडात आला.

‘सर, हा पेन तुम्ही घेऊच नका.’

‘काय?’

‘नाई, म्हंजे पेन चांगला आहे. पन तुमच्या या कागदावर शाई फुटते, पाहा. आपल्याकडच्या खारपानपट्ट्यावानी कागद आहे हा. मांगच्या साली कोनता वापरला होता?’

साहेबांनी फॉर्मवर ‘कम्युनिकेशन कच्चं’ असं काहीतरी लिहिलं. त्याच पेनने. शाई फुटली.

कोपऱ्यात कंपनीचे अकोल्याचे डिस्ट्रिब्युटर बसले होते. सकाळपासून त्यांनी काडीने कान कोरण्यापलीकडे मुलाखतीत भाग घेतला नव्हता. त्यांनी काडी टाकली.

‘गाडी आहे काय रे?’

‘आहे, शेटजी.’

‘लायसन?’

‘आहे.’

‘दर्यापूर साईडले उधारी मागशीन?’

‘मागतो.’

झालं. बारा वेळा हुकलेली नोकरी तीन प्रश्नांत मिळाली. त्यातला तिसरा प्रश्न म्हणजेच नोकरी आहे, हे त्याला दिवाळीनंतर कळलं. जूनमध्ये माल उधार द्यायचा आणि कापूस-सोयाबीन निघालं की पैसे मागत फिरायचं. कंपनीची टोपी लांबून दिसली की दुकानदार मागच्या दाराने पऱ्हाटीत शिरतो, पोरगा सांगतो, ‘बाबा परतवाड्याले गेले.’

परवा दर्यापूरच्या रस्त्यावर टाय भेटला. अंगात मळका शर्ट, डोक्याला दुपट्टा, अगदी वावरातून आल्यासारखा. मी ओळखलंच नाही. तो खूश झाला.

‘मंग जमलं म्हना, काका. वळखू आलो की वसुली होत नाई.’

कंपनीची टोपी डिक्कीत होती. टाय मात्र बाहेरच होता. सॅम्पलची पिशवी मागच्या कॅरिअरला त्याने करकचून बांधली होती.